कुंडीतली काकडी: फुलं भरभरून, काकडी एक नाही (नाशिक, गच्ची)

चौथा_मजला | १५ मार्च, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पाथर्डी फाट्याला राहतो. सोसायटीने बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर गच्चीचा एक कोपरा दिलाय. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रंगाच्या २० लिटरच्या चार बादल्यांना खाली भोकं पाडली आणि काकडी लावली, बादलीत दोन-दोन वेल. आज वेल माझ्यापेक्षा उंच झालेत, सुतळीवर मस्त चढलेत, पानं पंजाएवढी. फुलं रोज येतात. पण काकडी म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी होते, चार-सहा दिवस तिथंच थांबते, मग पिवळी पडून टोकाकडून सुकत येते आणि हात लावला की गळते. अशा १७ मोजल्या, नंतर मोजायचं सोडून दिलं.

काय काय करतोय ते सांगतो. माती सिन्नरहून गावाकडची आणली, काळी, वरून थोडं कोकोपीट. गांडूळखत दोनदा. मागच्या आठवड्यात वेल जोरात यावेत म्हणून चमचाभर युरिया. पाणी सकाळी एकेक मग. ऊन आणि कबुतरं दोन्हीचा त्रास म्हणून हिरवी नेट चारी बाजूंनी बांधून घेतलीय, एकदम पॅक. आणि व्हिडिओ बघून ब्रशने परागीकरण पण करतो, रोज, न चुकता. तरी ही गत. बी खराब निघालं का?

तर्री_जास्त | १५ मार्च, रात्री ११:०५

भाऊ, बुधवारी गोदाघाटावर जायचं, पिशवी पुढं करायची, काकडी घेऊन घरी यायचं. परागीकरण वगैरे सगळं त्यांनी करून ठेवलेलं असतं.

पंचवटीची_माई | १६ मार्च, सकाळी ६:५०

तर्री, तू गप रे.

चौथा मजला, बी खराब असतं तर वेलच एवढा झाला नसता, बियाणाला नावं ठेवू नका. मादी फुलं येतायत हे तर कळलंच, फुलामागे बारीक काकडी असते ती मादी, नुसत्या देठावरचं असतं ते नर. नर आधी येतात आणि झुबक्याने येतात, मादी शक्यतो एकेकटी. तुमची पेराएवढी होऊन गळते म्हणजे फळ धरलंच नाही, ती फुलाबरोबर आलेलीच काकडी असते, वाढलेली नसते. लोकांना वाटतं काकडी लागली आणि गळली. लागलेलीच नसते ती.

पण त्याआधी मला तुमच्या मातीची काळजी वाटते. काळी माती शेतात सोनं, बादलीत मात्र वीट. ओली असली की चिखल, वाळली की कडेने सुटते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडी ती कोरडीच. पाणी घातल्यावर लगेच खालून गळायला लागतं का बघा. मी बादलीला माती तिसरा हिस्साच घेते, तिसरा हिस्सा कोकोपीट (दोन-तीन पाण्यांत धुऊन, त्यात मीठ असतं) आणि तिसरा हिस्सा जुनं शेणखत नाहीतर गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, एवढं जमलं की झालं.

दिंडोरीचा_बागाईतदार | १६ मार्च, सकाळी ७:३१

राम राम. आमची द्राक्षं, काकडी नुसती घरापुरती मांडवावर. पण वेल तो वेलच, म्हणून लिहितो.

युरिया बंद करा पहिला. फुलात असताना नत्र दिलं की वेल माजतो, पानं काळीभोर होतात आणि फळाकडं बघत नाही. आमच्याकडं द्राक्षाला हेच सांगून सांगून घसा बसला. फुलं दिसायला लागली की पालाश पाहिजे. १३:०:४५ हे पाण्यात विरघळणारं खत आणा, लिटरला दीड-दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा बुडाशी. बादलीत जागा थोडी, त्यामुळं थोडं थोडं पण सारखं द्यायचं, शेतासारखं एकदम टाकलं की मुळं भाजतात.

दुसरं, बगलफूट काढता का? खालच्या पाच-सहा पानांपर्यंत बगलेतून येणारं सगळं खुडायचं, फूट पण आणि काकडी पण. मुख्य खोड आधी वर जाऊ द्या. मग फांद्या धरा, दोन-दोन पानांवर शेंडा मोडा.

आणि एका बादलीत दोन वेल काय कामाचे? एकच ठेवायचा. दुसरा उपटू नका, कात्रीने बुडातून कापा, नाहीतर पहिल्याची मुळं हलतात.

मादी फुलं वाढवायला रोप दोन-चार पानांवर असताना इथ्रेल मारतात काही जण. छाटणीआधी पानगळीला आम्ही मारतो तेच औषध, फक्त काकडीला अगदी कमी मात्रेत. घरी नका करू, मात्रा चुकली की रोप बसतं.

चौथा_मजला | १६ मार्च, संध्याकाळी ५:५८

माई, दादा, धन्यवाद. पाणी घालून बघितलं, दहा सेकंदात खालून धो धो. म्हणजे वीट झालीच आहे. युरिया बंद.

आत्ताच परागीकरण करून आलो. एक गंमत, ब्रशला पिवळं काही लागतच नाही, फुलं पण मलूल दिसतात. उन्हाने असेल का?

पानफूल | १६ मार्च, संध्याकाळी ६:२०

थांबा थांबा. आत्ता, म्हणजे संध्याकाळी?? रोज यावेळी करता?

चौथा_मजला | १६ मार्च, संध्याकाळी ६:२४

हो, अंबडला फर्स्ट शिफ्ट असते ना, सकाळी सातच्या आत बाहेर पडतो. चारला घरी, चहा, मग गच्ची.

पानफूल | १६ मार्च, संध्याकाळी ६:४७

सापडलं मग. बॉटनी शिकवते म्हणून जरा लांबण लावते, माफ करा.

काकडीचं फूल एका दिवसाचं असतं. पहाटे-सकाळी उमलतं, दुपारपर्यंत त्याचा कारभार आटोपतो. परागकण सकाळीच ताजे असतात आणि मादी फुलाचा मधला भाग तेव्हाच ते धरतो. नाशिकच्या मार्चच्या उन्हात तर मी नऊच्या पुढे थांबत नाही. तुम्ही पाचला जाता तेव्हा नर पण संपलेला आणि मादी पण मिटलेली. ब्रशला पिवळं लागत नाही ते त्यामुळेच.

आता बाकीच्यांना न करता काकड्या कशा लागतात? मधमाश्या. फुलोरी, सातेरी, त्या बारीक बिनडंखाच्या पोयाच्या माश्या, शहरातही भरपूर आहेत. एका मादी फुलाला बऱ्याच खेपा लागतात, कमी पडल्या तर काकडी वाकडी होते, एका टोकाला फुगलेली आणि दुसरीकडे शेपटीसारखी. पण तुम्ही हिरवी नेट चारी बाजूंनी पॅक केलीय. माशी येणार कुठून? तुम्ही तिला दार बंद केलं आणि तिचं काम स्वतःकडे घेतलं, ते पण भलत्या वेळी.

उपाय सोपा आहे. नेट फक्त वरून आणि पश्चिमेकडून ठेवा, पूर्वेची बाजू सकाळी उघडी. शेजारी तुळस फुलोऱ्यावर असू द्या, मंजिऱ्या खुडू नका, माश्या आधी तिच्यावर येतात. आणि ब्रश फेकून द्या. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, मधला दांडा मादीच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. एका नरात दोन-तीन माद्या होतात.

चौथा_मजला | १६ मार्च, रात्री ९:१५

अरे देवा. म्हणजे महिनाभर मी बंद दुकानाचं शटर वाजवत होतो.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली मी सांगत होते फुलं सकाळी उघडी असतात म्हणून, तुम्ही व्हिडिओवाल्याचं ऐका. आठ वाजता कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जातेच, तेव्हा ती करणार म्हणे, पण काकड्यांचा हिशेब मग तिच्या नावावर.

तर्री_जास्त | १६ मार्च, रात्री ९:२२

वहिनींना साष्टांग.

बाल्कनी_गंगापूररोड | १७ मार्च, दुपारी १:१०

ज्यांना सकाळी वेळच नाही किंवा दहाव्या मजल्यावर माशी फिरकत नाही त्यांच्यासाठी, पॉलिहाऊसवाल्यांची काकडी लावा. तिला पार्थेनोकार्पिक म्हणतात, परागीकरण न होता फळ धरतं, बिया नसतात जवळजवळ, आणि बहुतेक सगळी फुलं मादीच. बी महाग, मोजून देतात. माझ्या पूर्वेच्या बाल्कनीत १५ इंचाच्या दोन ग्रो बॅगमध्ये तीच आहे. चवीला गावठीची सर नाही पण, सालीला तो वास नाही. घरात कुणी काकडी सोलत असलं की पलीकडच्या खोलीत कळायचं ना, तसं हिचं होत नाही.

पंचवटीची_माई | १७ मार्च, दुपारी २:३०

म्हणूनच मी सोडली ती. मी राहुरी विद्यापीठाची हिमांगी लावते, पांढरट असते. पूना खिरा पण चांगला, फक्त वेळेत तोडायचा, जून झाला की साल तांबूस होऊन फाटल्यासारखी दिसते.

चौथा मजला, जुन्या बादल्यांची माती आता बदलायला जाऊ नका. काकडीला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत. कडेच्या फटी गांडूळखताने बुजवा, वरून दोन इंच खत, आणि पाणी एकदम न ओतता दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा. दोन नव्या बादल्या भरून त्यात आत्ताच बी टोचा, सरळ बादलीतच, अर्धा-पाऊण इंच खोल. या उकाड्यात चार-पाच दिवसांत वर येईल. थंडीत हेच बी कुढत बसतं, डिसेंबरात निफाडला माझ्या बहिणीने लावलं होतं ते पंधरा दिवस वर आलं नाही आणि मग कुजलं.

चौथा_मजला | १७ मार्च, रात्री ८:४४

दोन बादल्या भरल्या, माईंच्या मापाने. मूठ आवळली, गोळा झाला, टोचला, फुटला. बी टोचलं.

सिडको_बाग | १९ मार्च, सकाळी ११:०२

पाण्याचं कुणी नीट बोललं नाही म्हणून. एक मग म्हणजे कितीसं, लिटरभर. फळावर आलेला एवढा वेल एप्रिलात दिवसाला दोन-तीन लिटर सहज पितो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा द्या. दुपारी पानं मान टाकतात ते बघून घाबरून भर उन्हात पाणी ओतू नका, संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर ठीक. सकाळी पण मान खाली असेल तर मात्र पाणी कमी पडतंय किंवा मुळं कुजतायत, बोट दोन पेरं खुपसून बघा.

वर आच्छादन टाका. सध्या कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंत्या लागल्यात, उसाची चिपाडं फुकट देतात.

चौथा_मजला | २३ मार्च, रात्री ९:३०

चिपाडं आणली. आणि मुंग्या पण आणल्या. चारही बादल्यांत काळ्या मुंग्यांची रांग, तिथून गच्चीच्या दारातून थेट स्वयंपाकघरात. घरात माझी जी काही इज्जत परत येत होती ती गेली.

सिडको_बाग | २३ मार्च, रात्री ९:४१

धुऊन, दोन दिवस कडक वाळवून टाकायची हो!! लिहायचं राहिलं, सॉरी. वहिनींना सांगा माझी चूक.

चौथा_मजला | २९ मार्च, सकाळी १०:१५ (रविवार, सुट्टी)

धरली! नऊ धरल्यात. सहा दिवसांपूर्वी बायकोने ज्या फुलांना नर लावला त्यांच्या देठाला तिने लाल दोरा बांधला होता, दोरावाल्या अकरापैकी नऊ मोठ्या होतायत, सगळ्यात मोठी करंगळीपेक्षा लांब. फुलाचं वाळलेलं टोपरं अजून टोकाला आहे. आणि पूर्वेची नेट उघडल्यापासून बारीक माश्या येतात, आज स्वतः बघितल्या, नर फुलात डोकं खुपसून पार पिवळ्या होऊन बाहेर. अर्धा तास तिथंच बसलो होतो.

पानफूल | २९ मार्च, दुपारी १२:००

लाल दोरा! पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलला मुलांना हेच करायला लावते.

ओझरकर | २ एप्रिल, रात्री ८:०५

मध्येच घुसतो. माझी काकडी लागते पण कडूजहर. शेजारी कारल्याचा वेल आहे, त्याचा कडवटपणा उतरला असणार असं आई म्हणते. काढून टाकू का कारलं?

पानफूल | २ एप्रिल, रात्री ८:५०

कारलं बिचारं निर्दोष आहे. काकडी आणि कारल्याचा संकर होतच नाही. आणि दुसऱ्या कुठल्या काकडीचा पराग पडला तरी त्याचा परिणाम आतल्या बीमध्ये जातो, या वर्षीच्या गराची चव आईवेलीचीच असते. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा. थोडं बहुत वाणावर असतं, पण वेलीला ताण बसला की वाढतं, म्हणजे एक दिवस कोरडं एक दिवस तुडुंब, किंवा फार ऊन. पाणी सारखं ठेवा, दुपारी सावली द्या, पुढची तोडणी बघा.

देठाकडे आणि सालीखाली जास्त असतं. आपल्या आया टोक कापून घासून फेस काढतात ना, त्यात घासण्यापेक्षा देठाचा तुकडा गेला हा फायदा जास्त. आणि खरंच जहर असेल तर वाया जाते म्हणून खाऊ नका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलीत, द्रव्य याच जातीचं.

ओझरकर | २ एप्रिल, रात्री ९:१०

एक दिवसाआड पाणी देतो. कारल्याची माफी मागून येतो.

चौथा_मजला | ९ एप्रिल, संध्याकाळी ६:३३

पहिली सहा तोडली. एक मीठ लावून गच्चीवरच संपली, उरलेल्यांची कोशिंबीर. पण पानांवर आता पिठासारखे पांढरे ठिपके आलेत, खालच्या पानांवर जास्त, बोटाने पुसले जातात. दादा, ही तुमच्या द्राक्षावरची भुरीच का? आणि तुमच्या बागेतून वाऱ्याने आली का? 😀

दिंडोरीचा_बागाईतदार | ९ एप्रिल, रात्री ८:१९

भुरीच. पण आमच्यावर नका ढकलू, नाव एक असलं तरी द्राक्षाची बुरशी वेगळी, काकडीची वेगळी, ही तिच्यावर जात नाही. केवडा हा दुसरा बुरशीचा रोग, त्याचं पण तसंच. केवडा पावसाळ्यात बघाल तुम्ही, पानावर शिरांच्या मध्ये चौकोनी पिवळे डाग आणि खालून करडी लव. आत्ताच्या कोरड्या हवेत भुरीच यायची.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. बागेसाठी गंधक घरात होतंच. मागच्या एप्रिलात मांडवाच्या काकडीवर भुरी दिसली, म्हटलं चार पानं आहेत, मारून टाकू, द्राक्षाच्या मापाने मारलं भर अकराला. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा कागद जळावा तशा. काकडीवर्गाला गंधक सोसत नाही आणि ३२-३३ अंशांच्या वर तर नाहीच. मंडळी चार दिवस बोलत नव्हती माझ्याशी.

खालची खराब पानं कापून लांब टाका, वारा खेळू द्या. एक भाग दूध नऊ भाग पाणी, सकाळी फवारा, आठवड्याने परत. सुरुवातीला धरली तर आटोक्यात राहते.

पंचवटीची_माई | १० एप्रिल, सकाळी ७:०५

दुधाचा वास येतो दोन दिवस, गच्चीवर मांजर असेल तर लक्ष ठेवा.

आणि तोडायला उशीर करू नका. एक दिवसाआड फिरायचं, पानं उचलून उचलून बघायचं. एक जरी काकडी वेलावर पिकली ना, वेलाला वाटतं आपलं बी झालं, काम संपलं, आणि नवी फुलं धरायचं बंद करतो. जास्त काकडी पाहिजे तर कोवळी तोडा.

चौथा_मजला | २१ एप्रिल, रात्री १०:००

भुरी थांबली. नवं संकट. चांगल्या वाढलेल्या काकडीवर बारीक टोचल्यासारखी खूण, त्यातून डिंकाचा थेंब, चार दिवसांनी काकडी तिथं वाकते, कापली तर आत पांढऱ्या अळ्या. तीन गेल्या. फळमाशी ना? आंब्यासाठी मिळतो तो सापळा लावलाय आठवडा झाला, एक माशी सापडली नाही.

सिडको_बाग | २१ एप्रिल, रात्री १०:२२

या वेळी मी पूर्ण लिहितो, अर्धवट नाही 😀 आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं, त्याला आंब्याची फळमाशी येते. काकडी-दोडका-कारल्याची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर लागतो. दुकानात 'वेलवर्गीयसाठी' असं स्पष्ट सांगून मागा. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे आधी टोचलेल्या काकड्या वाचणार नाहीत, त्या काढून घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवा. बादलीच्या मातीत नुसत्या पुरल्या तर अळ्या तिथंच कोष करतात आणि परत वर. घरच्यासाठी अजून सोपं म्हणजे काकडी धरली की तिला कागदी पिशवी नाहीतर जुना पायमोजा घाला.

चौथा_मजला | ४ मे, रात्री ९:०८

पायमोजे घातलेल्या काकड्या बघून सोसायटीचे अध्यक्ष गच्चीवर येऊन गेले. काही बोलले नाहीत, दोन घेऊन गेले.

हिशेब (बायकोच्या वहीतला): जुन्या चार बादल्यांतून आजवर २३. दोन नव्या बादल्या, त्या १७ मार्चच्या, त्यांनी आज पहिल्या चार दिल्या आणि वेलावर अजून अकरा आहेत. काळ्या मातीतले वेल आता थकलेत, खालून वाळत आलेत. एक काकडी पानामागे लपून राहिली होती, पिवळीधम्मक, मनगटाएवढी. बियाणाला ठेवू का?

पानफूल | ४ मे, रात्री ९:३०

बियाणाच्या पाकिटावर संकरित किंवा एफ१ लिहिलं असेल तर नको, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. माईंच्या हिमांगीचं बी धरता येईल, पण आसपास दुसरी काकडी फुलात नको.

पंचवटीची_माई | ५ मे, सकाळी ६:४५

पिवळी काकडी बिया काढून किसा, तिच्याच पाण्यात भाजणी भिजवा, वरून पाणी घालू नका, आणि थालीपीठ लावा. हिमांगीचं बी देते मी, पावसाळी लावा जूनमध्ये. घाटावर बुधवारी सकाळी असते मी.

तर्री_जास्त | ५ मे, रात्री ११:४०

त्या रंगाच्या बादल्या कुठं मिळतात? एका मित्राला पाहिजेत.

चौथा_मजला | ६ मे, संध्याकाळी ५:१२

मित्राला सांग, बिल्डिंगचं काम चालू असेल तिथं पेंटरला चहा पाज. प्लॅस्टिकची, पाण्यात कालवायच्या रंगाची बादली घे, ऑइलपेंटचा पत्र्याचा डबा नको. तीनदा धू. भोकं खाली सहा-सात, आणि एक कडेला बुडापासून इंचभर वर. माझ्याकडे दोन जास्तीच्या पडल्यात, शनिवारी चारनंतर ये.